'नूब' कोणाला म्हणता?

बारामतीच्या एसटी स्टँडबाहेर चहाच्या टपरीवर इंदापूरच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकड्यावर कॉलेजची चार पोरे मोबाईलमध्ये डोके घालून बसलेली. "झोन आला रे, पळ!" "लूट सोड, रश कर!" "मी नॉक झालोय, रिवाइव्ह दे की!" "ह्यो गडी लयच नूब हाय!" वीस वर्षे कोर्टात साक्षीदारांची भाषा ऐकण्यात गेली, पण यातले मला 'पळ' आणि 'गडी' एवढेच कळले. शेवटी त्यांनाच विचारले. पोरे हसली, पण वकीलकाकांना शिकवायला त्यांना आनंदच वाटला.

झोन आला म्हणजे मैदानाचे वर्तुळ आवळत आले. जो बाहेर राहील तो मरेल. लूट म्हणजे बंदूक, गोळ्या, औषधे गोळा करणे. थेट चाल करून जाणे म्हणजे रश, आणि दडून बसणारा तो कॅम्पर. नॉक झालेला खाली पडतो पण मरत नाही. जोडीदाराने वेळेत येऊन उठवले तर तो रिवाइव्ह. बॉट म्हणजे संगणकाने चालवलेला खोटा खेळाडू. जिवंत माणसाला बॉट म्हटले की तो अपमान. डाव संपल्यावर समोरच्याला 'जीजी' म्हणायचे, म्हणजे छान खेळलास. आणि नूब? 'न्यूबी' म्हणजे नवखा, त्याचे हे झिजलेले रूप. ज्याला खेळता येत नाही तो नूब.

सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी पबजीवर बंदी घातली. 2021 मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने आला. फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर बंद झाला, पण त्याची 'मॅक्स' आवृत्ती चालूच राहिली. खेळांची नावे बदलली, शब्द मात्र पोरांच्या तोंडात कायम राहिले.

पोरांनी भाषा बिघडवली, अशी ओरड होते. बारामती ही मोरोपंतांची, तिथे ही भाषा? असेही कोणी म्हणेल. पण पंतांची संस्कृतप्रचुर आर्या बहुजनांच्या पोरांची बोली कधीच नव्हती. विटी-दांडू खेळताना आपले आजोबा 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे मोजत. हे शब्द कुठले? तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणजे एक, दोन, तीन, चार. परक्या भाषेतले आकडे आपल्या पोरांनी खेळता खेळता उचलले आणि मराठी करून टाकले. आजची पोरे इंग्रजीशी तेच करतात. त्यामुळे माझी तक्रार इंग्रजीबद्दल नाही. माझी तक्रार 'नूब' या शब्दाच्या वापराबद्दल आहे.

नवख्यासाठी आपल्या खेळात एक जुना शब्द आहे, कच्चं लिंबू. लहान भाऊ, नुकतीच खेळायला आलेली बहीण, यांना कच्चं लिंबू म्हणून डावात घेत. ते बाद होत नसे, त्याच्यावर राज्य येत नसे. पाहत पाहत ते शिके आणि एक दिवस पक्का गडी होई. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पण पहिला शब्द दुबळ्याला डावात ठेवतो आणि दुसरा त्याला हसून हाकलतो.

पण जुन्याचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. गावकुसाबाहेरच्या पोराला गावच्या डावात कच्चं लिंबू म्हणूनही कोण घेत होते? पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची राखण करता करता पालवणकर बाळू गोलंदाज झाले, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. पण त्यांना चहा मिळे तो बाहेर, वेगळ्या भांड्यात. खेळात उपयोग करून घ्यायचा आणि पंगतीत दूर बसवायचे, ही इथली रीत!

मोबाईलच्या खेळात वरवर पाहता ही अडचण नाही. तिथे गाव दिसत नाही, आडनाव दिसत नाही, फक्त आयडी दिसतो. म्हणून आपल्या पोरांना तो खेळ आपला वाटतो. पण तिथेही दोन भिंती आहेत.

पहिली भिंत पैशाची. पोरे ज्याला 'लॅग' म्हणतात, तो उशीर पाहा. 'पिंग' वीस-तीस असलेल्याची गोळी लगेच सुटते. उसाच्या फडाकडेला, एका काडीच्या रेंजमध्ये, घरातल्या तिघांत मिळून असलेल्या जुन्या हँडसेटवर पिंग तीनशेच्या वर जाते. गोळी सुटेपर्यंत गडी मेलेला असतो. त्याला म्हणायचे नूब! फ्री फायरमध्ये डायमंड विकत घेऊन कपडे घेता येतात. ज्याच्याकडे फुकट मिळालेला 'अ‍ॅडम' आहे, त्याला कपड्यावरूनच नूब ठरवतात. रेंज कोणाची, हँडसेट कोणाचा, पैसा कोणाचा हे न विचारता फक्त निकाल पाहायचा आणि त्याला गुणवत्ता म्हणायचे. वाचकहो, हा युक्तिवाद आपण कुठे ऐकला आहे, ते मी सांगायला नको.

दुसरी भिंत जातीची. इंदापूर तालुक्यातला एक दहावीचा मुलगा आईबरोबर माझ्याकडे आला होता. त्याने आयडीत 'जयभीम' लिहिले होते. अनोळखी पोरांबरोबर डाव लागला. आधी त्याला नूब म्हटले, मग कोट्यातला म्हटले, मग जातीवरून शिव्या दिल्या आणि शेवटी बाबासाहेबांबद्दल जे बोलले गेले ते मी इथे लिहिणार नाही. आई म्हणाली, "साहेब, पोरगं दोन दिवस जेवलं नाही." मुलाने आयडीतले 'जयभीम' काढून टाकले होते. शहरात भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव लपवणारी माणसे मी पाहिली आहेत. आता खेळायला मिळावे म्हणून पोराने नाव लपवायचे?

कायदा काय म्हणतो, हे पालकांनी माहीत करून घ्यावे. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989, कलम 3(1)(आर) व (एस) नुसार लोकांच्या नजरेसमोर जातीवरून अपमान वा शिवीगाळ करणे गुन्हा आहे. समाजाबद्दल द्वेष पसरवणे (यू) मध्ये आणि आपल्या वंदनीय दिवंगत व्यक्तीचा अनादर (व्ही) मध्ये येतो. जातीचे नाव अपमानाच्या हेतूने शिवीसारखे वापरणे गुन्हा ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सांगितले. 2020 मध्ये हितेश वर्मा खटल्यात त्याच न्यायालयाने चार भिंतींआड, लोकांसमोर नसलेले बोलणे यातून वगळले. 2022 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मात्र इंटरनेटवर टाकलेल्या मजकुरापुढे पीडित व्यक्ती डिजिटल रूपाने हजर असते, असे मानले. खेळातले बोलणे फक्त चौघांच्या स्क्वॉडमध्ये होते की सर्वांना ऐकू जात होते, हा मुद्दा न्यायालयात निघणारच. म्हणून स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवा, समोरच्याचा आयडी, तारीख, वेळ लिहून ठेवा. पुराव्याशिवाय राग कोर्टात टिकत नाही.

पण समोरचाही बहुधा पंधरा-सोळा वर्षांचाच असतो. त्याने तो शब्द कुठे ऐकला? घरात, पारावर, वर्गात. खेळाने त्याला फक्त माईक दिला. आणि आपली पोरे तरी काय बोलतात? मी त्या मुलाला विचारले, तू चिडल्यावर काय म्हणतोस? तो खाली पाहू लागला. आया-बहिणींवरून, तृतीयपंथीयांवरून दिलेल्या शिव्या आपल्याही घरातून जातात. सम्यक वाचा फक्त वंदनेपुरती नसते. विहारात रविवारी पोरे जमतात, तेव्हा मोबाईल बाहेर ठेवायला सांगण्याऐवजी एकदा तो समोर ठेवा आणि कोणता शब्द कोणाला लागतो, हे त्यांच्याच भाषेत बोला. ती पोरे आपल्यापेक्षा लवकर समजतात.

त्या मुलाच्या आईला केस नको होती. तिची इच्छा मी मानली. उठताना मुलाने विचारले, "काका, मग नाव परत ठेवू का?"

मी म्हणालो, "ठेव. आणि तुझ्या डावात नवखा आला तर त्याला नूब म्हणू नकोस. पडला तर रिवाइव्ह दे."

जय भीम.