सहा महिने आईचेच दूध : हा सल्ला आला कुठून?

घरात बाळ जन्मले की आशाताई भेटायला येते. ती सांगते, "सहा महिने बाळाला आईचेच दूध द्या. वरचे पाणीसुद्धा नको."

हे ऐकून आजी म्हणते, "अगं बाई, आमच्या वेळी दवाखान्यातले लोक चौथ्या महिन्यापासून भरवा म्हणायचे. आता तुम्ही सहा म्हणता. उद्या आणखी काही सांगाल. खरं धरायचं तरी कोणतं?"

आजीचे विचारणे रास्त आहे. सल्ला बदलला, हे खरेच आहे. पण तो कोणाच्या लहरीने बदलला नाही. बाळांची वजने करून, नीट पाहून बदलला. तो कसा, ते आपण पाहू.

आधी पाण्याचे पाहू. वैशाखात मोठ्या माणसाच्या घशालाही कोरड पडते. मग बाळाला तहान लागत नाही का? लागते. पण आईच्या दुधात शंभर भागांतले सुमारे ८८ भाग पाणीच असते. तेवढे पाणी बाळाला पुरते का? दिल्लीच्या डॉक्टरांनी भर उन्हाळ्यात हे तपासले. काही तान्ह्या बाळांना फक्त आईचे दूध दिले. काहींना दुधाबरोबर पाणीही दिले. मग बाळांची लघवी तपासली. अंगात पाणी कमी पडले की लघवी दाट होते. नुसत्या दुधावरच्या बाळांना पाणी कमी पडलेले नव्हते. ही माहिती १९९१ साली छापून आली.

आता अन्नाचे पाहू. दूर अमेरिकेच्या बाजूला होंडुरास नावाचा लहानसा गरीब देश आहे. तिथे १४१ बाळांची पाहणी झाली. काही बाळांना चार महिने पुरे झाल्यावर दुधाबरोबर अन्न सुरू केले. बाकीची बाळे सहा महिने नुसत्या आईच्या दुधावर राहिली. आपल्याला वाटेल, अन्न खाणारी बाळे जास्त बाळसे धरतील. तसे झाले नाही. सगळी बाळे सारखीच वाढली. असे का झाले? बाळाचे पोट ते केवढे! अन्न पोटात गेले, तेवढे दूध बाळ कमी प्यायले. एकीकडे भर पडली, दुसरीकडे घट झाली. ही पाहणी १९९४ साली छापून आली.

तिथे बाळांना दिलेले अन्न तरी स्वच्छ, डबाबंद होते. आपल्या घरी वाटीवर माशी बसते. पाणी नेहमीच चांगले नसते. घाण पोटात गेली की बाळाला हगवण लागते. तान्ह्या बाळाच्या जिवाला हगवणीने धोका होतो.

अशा पाहण्या बऱ्याच देशांत झाल्या. त्या सगळ्या एकत्र तपासल्या. जगातल्या देशांची आरोग्य सभा दरवर्षी जिनिव्हा शहरात भरते. मे २००१ मध्ये या सभेने 'चार ते सहा महिने' हा जुना सल्ला बदलून 'सहा महिने' असे ठरवले.

सल्ला कोण देतो, हेही पाहावे. डब्यातल्या दुधाचे विक्रेते आपल्याच मालाचे गुण गाणार. म्हणून १९८१ साली याच सभेने अशा दुधाच्या जाहिरातीला आळा घालणारे नियम केले. आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला. तान्ह्या बाळाचे डब्यातले दूध आणि दुधाची बाटली यांची जाहिरात करणे गुन्हा ठरला.

मग आपण काय करावे?

बाळ जन्मल्यावर तासाभरात त्याला अंगावर पाजावे. पहिले घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो पिळून टाकू नये. चीक बाळाला रोगापासून जपतो. गुळाचे पाणी, मध, घुटी काही देऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेले औषध मात्र द्यावे.

सहा महिने पुरे झाले की उशीर करू नये. आता नुसते दूध पुरत नाही. बाळाच्या अंगातला लोहाचा साठा संपत येतो. दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करावी. मऊ वरणभात, नाचणीची खीर, दुधात कुस्करलेली भाकरी द्यावी. वरून थोडे तूप किंवा तेल घालावे. वरणाचे नुसते पाणी देऊ नये. त्याने पोट भरते, पण अंगी लागत नाही. चमचा तिरपा केला तरी घास ओघळू नये, इतका तो घट्ट असावा. २०२३ सालच्या सल्ल्यात अंडे, मासे किंवा मटण रोज द्यावे असेही सांगितले आहे. जे हे खात नाहीत, त्यांनी डाळी, उसळी, दही, पालेभाज्या द्याव्यात. दोन वर्षे आणि पुढेही आईचे दूध चालू ठेवावे.

आईला दूध कमी येते असे वाटले, ती आजारी असली, किंवा बाळाचे वजन वाढत नसले, तर लाजू नये. लगेच दवाखान्यात जावे. अंगणवाडीत दर महिन्याला बाळाचे वजन करून घ्यावे.

आजीने विचारले तसे आपणही विचारावे. "असं का?" म्हणून आशाताईला, नर्सबाईला विचारावे. कारण कळले की सल्ला मनाला पटतो. पटलेला सल्ला घरातली सगळी माणसे पाळतात, आणि त्याचा लाभ बाळाला होतो.