अर्धस्वयंचलित शॉटगन बाळगता येते का? शस्त्र कायद्यातील तरतुदींवर एक दृष्टिक्षेप

बेंगळुरू शहराच्या आग्नेयेस, होसूर रस्त्यालगत वसलेले बोम्मसंद्रा ही कर्नाटकातील एक मोठी औद्योगिक वसाहत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाल्यानंतर ही वसाहत शहराशी अधिक जवळून जोडली गेली. येथील कारखाने, रुग्णालये आणि बँका यांत काम करण्यासाठी देशाच्या सर्व भागांतून लोक येतात. त्यांत महाराष्ट्रातील आणि सीमाभागातील मराठी कुटुंबांचाही समावेश आहे. अशा एखाद्या कुटुंबाकडे वडिलोपार्जित बंदूक असेल, किंवा कोणी संरक्षणासाठी नवी बंदूक घेऊ इच्छीत असेल, तर कायदा त्याला नेमके काय करू देतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बंदूक अर्धस्वयंचलित शॉटगन असेल, तर उत्तर पूर्णपणे बदलते.

प्रश्न यंत्रणेचा

शॉटगन म्हणजे आपल्याकडे 'काडतुसाची बंदूक' किंवा 'छऱ्यांची बंदूक' या नावाने ओळखले जाणारे शस्त्र. तिची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत गोळीला गिरकी देणाऱ्या खाचा असतात, तशा त्या येथे नसतात. सर्वाधिक प्रचलित माप १२ बोअरचे आहे. नळीच्या व्यासाच्या शिशाचे १२ गोळे एक पौंड भरतात, यावरून हे नाव पडले. हा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर असतो.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या बंदुकांचे आतील यंत्रणेनुसार वेगवेगळे प्रकार पडतात. एकनळी व दुनळी बंदुकीत प्रत्येक नळीत एक काडतूस बसते. बार झाल्यावर बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, हाताने नवे काडतूस भरावे लागते. पंप ॲक्शन बंदुकीत काडतुसे नळीखालच्या मॅगझिनमध्ये असतात, मात्र प्रत्येक बारानंतर पुढची मूठ हाताने मागे-पुढे ओढावी लागते. अर्धस्वयंचलित बंदुकीत हे काम हाताला करावे लागत नाही. बाराचा धक्का किंवा वायूचा दाब यांच्या जोरावर रिकामे काडतूस बाहेर पडते आणि पुढचे आपोआप आत सरकते. चाप प्रत्येक वेळी नव्याने ओढावा लागतो, एवढेच. चाप दाबून धरताच गोळ्या सलग सुटत राहिल्या, तर ते शस्त्र पूर्ण स्वयंचलित ठरते.

अर्धस्वयंचलित शॉटगन हे नवे शस्त्र नाही. अमेरिकी संशोधक जॉन ब्राउनिंग यांनी १८९८ मध्ये तिची रचना सिद्ध केली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्जियममध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. त्यामुळे एखाद्या जुन्या शिकारी घराण्यातील बंदूक पाऊणशे-शंभर वर्षांची असली, तरी ती साधी दुनळीच असेल असे गृहीत धरता येत नाही.

कायद्यातील वर्गवारी

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार शस्त्रे व दारूगोळा हा विषय केंद्र सूचीत येतो. त्यामुळे कर्नाटक असो की महाराष्ट्र, मूळ कायदा एकच आहे. तो म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. १८७८ च्या ब्रिटिशकालीन कायद्याची जागा त्याने घेतली आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. त्याखालील नियम २०१६ मध्ये नव्याने अधिसूचित करण्यात आले.

या कायद्याच्या कलम १३ मध्ये एक लक्षणीय तरतूद आहे. किमान २० इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असल्यास, तसेच पिकांच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असल्यास, अन्य तरतुदींच्या अधीन राहून परवाना देण्यात यावा, असे हे कलम सांगते. अन्य शस्त्रांच्या बाबतीत मात्र अर्जदाराकडे सबळ कारण असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. याचा अर्थ, साधी शॉटगन हे कायद्याने सर्वांत कमी संशयाने पाहिलेले अग्निशस्त्र आहे.

मात्र तीच बंदूक अर्धस्वयंचलित असेल, तर चित्र उलटे होते. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे प्रवर्ग दिले आहेत. दुनळी बंदूक, साधी रायफल, पिस्तूल व रिव्हॉल्व्हर ही प्रवर्ग तीनमध्ये, म्हणजे 'अनुज्ञेय' शस्त्रांत मोडतात. अर्धस्वयंचलित अग्निशस्त्रे, तसेच २० इंचांहून आखूड नळीच्या बंदुका प्रवर्ग एकमध्ये, म्हणजे 'निर्बंधित' शस्त्रांत येतात. पिस्तुलाला यातून वगळले आहे, शॉटगनला नाही. परिणामी एकाच बोअरच्या, एकच काडतूस वापरणाऱ्या दोन बंदुकांपैकी एक कायद्याच्या सर्वांत सौम्य बाजूला आणि दुसरी कठोर बाजूला पडते. काडतूस तेच असले तरी ते आपोआप भरले जाते की हाताने, यावर सारे अवलंबून आहे.

परवाना कोण देतो?

अनुज्ञेय शस्त्राचा परवाना स्थानिक पातळीवर मिळतो. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि हद्दीबाहेर जिल्हा दंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. अर्ज आल्यावर पोलिसांकडून चौकशी अहवाल मागवला जातो. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणुकीची हमी यांचाही २०१६ च्या नियमांत समावेश आहे. परवान्याची नोंद राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीसंचात होते आणि परवानाधारकाला विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. अर्ज नाकारल्यास कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक असून, त्याविरुद्ध अपील करता येते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, केवळ एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येत नाही, ही तरतूदही अनेकांना ठाऊक नसते.

निर्बंधित शस्त्रासाठी हा मार्ग पुरेसा नाही. तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे. दहशतवादी किंवा अतिरेकी यांच्याकडून जीविताला गंभीर व निकटचा धोका असलेल्या व्यक्ती, कर्तव्यामुळे असा धोका ओढवलेले शासकीय अधिकारी व त्यांचे कुटुंबीय यांचा विचार नियमांत प्रामुख्याने केला आहे. एखाद्या वसाहतीत राहणाऱ्या सर्वसामान्य नागरिकाला चोरीची भीती वाटते, एवढ्यावर अर्धस्वयंचलित शॉटगन मिळण्याची शक्यता जवळपास नाही.

संरक्षणासाठी शॉटगनच हवी असल्यास दुनळी किंवा पंप ॲक्शन हा व्यवहार्य पर्याय उरतो. तिरुचिरापल्ली येथील आयुध कारखान्यात १२ बोअरची पंप ॲक्शन बंदूक तयार होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळपास बंद असल्याने बाजारात मुख्यतः देशी बनावटीची किंवा जुनी शस्त्रेच उपलब्ध असतात.

खेळाडूंसाठी वेगळी वाट

नेमबाजांना काही सवलती आहेत. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार आंतरराष्ट्रीय पदकविजेते व नामांकित नेमबाज यांना सर्वसाधारण मर्यादेहून अधिक, कमाल १२ पर्यंत शस्त्रे सवलतीच्या प्रवर्गात बाळगता येतात. एकाच प्रकारात नैपुण्य असलेल्यांसाठी ही मर्यादा ८ आहे. मात्र खेळासाठी अर्धस्वयंचलित शॉटगन अपरिहार्य आहे, असे नाही. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ज्या डबल ट्रॅप प्रकारात रौप्यपदक पटकावले, त्यात एकाच वेळी दोन चकत्या सुटतात आणि प्रत्येकीवर एकच बार करता येतो. दोन नळ्यांची बंदूक त्याला पुरते.

वडिलोपार्जित बंदुकीचे काय?

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर रानडुक्कर व माकडे यांपासून पिके राखण्यासाठी ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक बाळगण्याची पद्धत जुनी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद संपुष्टात आला, बंदुका मात्र घरोघरी राहिल्या.

परवाना हा व्यक्तीच्या नावे असतो, घराच्या नावे नव्हे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर बंदूक कपाटात ठेवून देणे म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणे होय. ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून वारसाने आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करणे आवश्यक आहे. परवानाधारक हयात असतानाही, त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असल्यास किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असल्यास, वारसाच्या नावे हस्तांतराची सोय नियमांत आहे. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि वारसाहक्काने आलेली शस्त्रेही या मर्यादेत धरली जातात. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली.

वारसाने बंदुकीची यंत्रणाही तपासून घेणे हिताचे ठरते. जुन्या परवान्यावर केवळ '१२ बोअर बंदूक' अशी नोंद असेल आणि प्रत्यक्षातील शस्त्र अर्धस्वयंचलित असेल, तर परवाना व शस्त्र यांचा मेळ बसत नाही. अशी शंका आल्यास अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडून खात्री करून ती बाब परवाना प्राधिकाऱ्याला लेखी कळवणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

कोल्हापूर किंवा बेळगावहून बोम्मसंद्र्याला बिऱ्हाड हलवताना बंदूक सोबत नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परवाना ज्या क्षेत्रापुरता वैध आहे, ते त्यावर नमूद असते. वास्तव्याचे ठिकाण बदलल्यास ३० दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या परवाना प्राधिकाऱ्याला कळवून परवाना व शस्त्र सादर करावे लागते.

शिक्षेचे स्वरूप

विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार किमान दोन ते कमाल पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. कायद्याच्या व्याख्येत 'प्रतिबंधित' ठरणाऱ्या शस्त्रांसाठी ही शिक्षा किमान सात ते कमाल चौदा वर्षे आहे. लग्नसमारंभात किंवा मिरवणुकीत निष्काळजीपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कोडगूचा अपवाद

याच कर्नाटकात एका जिल्ह्यातील रहिवाशांना परवान्यातून सूट आहे. कोडगू जिल्ह्यातील कोडव समाज आणि 'जम्मा' जमीनधारक यांना ही सवलत १८६१ मध्ये तत्कालीन मुख्य आयुक्त मार्क कबन यांच्या काळात मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९६३ मध्ये ती कायम करण्यात आली आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने तिची मुदत ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली. या सवलतीला दिलेले आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये फेटाळले. कोडगूतील घरांत शस्त्र हे पूजेचा भाग आहे. कैलपोळ्द या सणाला तेथे शस्त्रांची पूजा होते. तथापि ही सूट ठरावीक समाज व जमीनधारक यांच्यापुरतीच आहे. बोम्मसंद्र्यातील अन्य रहिवाशाला तिचा आधार घेता येत नाही.

अन्य देशांतील स्थिती

अर्धस्वयंचलित शॉटगनकडे वेगळ्या नजरेने पाहणारा भारत एकटा नाही. ब्रिटनमध्ये १९८७ च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर साध्या शॉटगन प्रमाणपत्रावर मॅगझिनमध्ये दोनच काडतुसे मावणाऱ्या बंदुकीपुरती मुभा राहिली. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ जणांचा बळी गेल्यानंतर अर्धस्वयंचलित आणि पंप ॲक्शन अशा दोन्ही शॉटगनवर कडक निर्बंध आले. पंप ॲक्शनच्या बाबतीत तेथील कायदा भारताहूनही कठोर आहे.

अमेरिकेत मात्र शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क असून तपशील राज्यागणिक बदलतो. मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सी राज्यात शॉटगन घेण्यासाठी आधी ओळखपत्र घ्यावे लागते. अर्धस्वयंचलित शॉटगन तेथे मिळू शकते, परंतु मॅगझिनमध्ये सहाहून अधिक काडतुसे मावत असतील, तर ती बंदी असलेल्या शस्त्रांत मोडते.

भारतीय राज्यघटनेत असा हक्क नाही, याकडे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांचा प्रश्न हाती घेताना लक्ष वेधले होते. येथे शस्त्र ही परवानगीची बाब आहे आणि ती परवानगी विशिष्ट व्यक्तीला, विशिष्ट शस्त्रासाठी, ठरावीक मुदतीपुरती मिळते. त्यामुळे बंदूक खरेदी करण्यापूर्वी, वारसाने स्वीकारण्यापूर्वी किंवा दुसऱ्या राज्यात नेण्यापूर्वी परवान्यावरील नाव, मुदत, क्षेत्र आणि शस्त्राचे वर्णन या चारही गोष्टी पडताळून पाहणे, हे प्रत्येक परवानाधारकाच्या हिताचे आहे.