मैदानाकडे पाठ

सकाळी 8. जाग आली की आधी खिडकी. बर्कनहेडच्या पावसाचं मला काही वाटत नाही, भीती थंडीची. रात्री जमीन गोठली असेल तर पंच सकाळी मैदानात उतरून बुटाची टाच दाबून बघतात. टाच रुतली नाही तर सामना रद्द. माझा शनिवारचा रोज बुडतो तो वेगळाच, पण क्लबच्या गल्ल्यात त्या दिवशी काहीच पडत नाही. चौथ्या श्रेणीत टीव्हीचा पैसा थोडा, त्यामुळे फाटकातून येणाऱ्या माणसावरच सगळी मदार. आज टाच रुतली. फोन आला नाही, म्हणजे निघायचं.

दुपारी 12:30. प्रेंटन पार्क, ट्रानमेर रोव्हर्सचं मैदान. आम्ही स्टुअर्ड केशरी जाकिटं चढवून उभे. कुणी कुठे थांबायचं, कुठला जिना मोकळा ठेवायचा, कुणाला चक्कर आली तर कुणाला कळवायचं, हे पुन्हा एकदा. वॉकीटॉकी तपासून मी कोप नावाच्या स्टँडखाली माझ्या जागेवर जातो.

1:30. फाटकं उघडतात, लोखंडी दांड्यांची खटखट सुरू होते. माझ्या ओळखीच्या एक आजी नेहमी सगळ्यांच्या आधी हजर. पांढरा-निळा मफलर, पिशवीत फॉइलमध्ये गुंडाळलेलं सँडविच. चेअरमनचा विषय निघाला की त्या ‘आमचा मार्क’ म्हणतात. त्यांनी त्याला याच गवतावर धावताना पाहिलंय.

मार्क पॅलिओस 1973 मध्ये ट्रानमेर रोव्हर्सच्या मधल्या फळीत आले. मध्ये काही वर्षं क्रूकडून खेळले, परत इथेच आले आणि 1985 पर्यंत राहिले. खेळता खेळता हिशेबनिशी शिकून ते सनदी लेखापाल झाले. पुढे अडचणीतल्या कंपन्या सावरण्याचं काम केलं. 2003 मध्ये फुटबॉल असोसिएशनचे मुख्य कार्यकारी झाले, पण पुढच्याच वर्षी राजीनामा दिला. 2014 मध्ये पत्नी निकोला यांच्यासोबत त्यांनी आपल्याच जुन्या क्लबचा ताबा घेतला, आणि पहिल्याच हंगामात क्लब लीगमधून बाहेर फेकला गेला. 1921 पासूनची जागा गेली. त्या उन्हाळ्यात आजी महिनाभर सामन्यांबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. बुडती कंपनी आणि बुडता क्लब यांत हाच फरक, इथे नुकसान लोकांच्या घरात शिरतं. तरीही माणूस ठाम राहिला, याचं मला फार मोल वाटतं.

2:45. इथून 5:15 पर्यंत ब्रिटनमध्ये टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवत नाहीत. लोकांनी घरी न बसता आमच्यासारख्या क्लबांच्या मैदानावर यावं म्हणून. आम्हाला तर नदीपलीकडे लिव्हरपूल आणि एव्हर्टन. त्यांच्याशी टक्कर नको म्हणून ट्रानमेर एके काळी शुक्रवारी रात्री खेळायचं.

3:00. शिट्टी. मी मैदानाकडे पाठ करून गर्दीकडे तोंड करतो, तीच नोकरी. या 2018-19 हंगामात आमचा जेम्स नॉरवुड गोलांचा सपाटा लावतोय आणि घरच्या मैदानावरचा त्याचा एकही गोल मी नीट पाहिलेला नाही. मला दिसतात ते चेहरे. आधी बोलणं थांबतं, मग गुडघे ताठ होतात, मग अख्खी रांग एकदम वर. आजी मात्र बसूनच दोन्ही हातांनी मफलर घट्ट धरतात. तिकडे मुख्य स्टँडमध्ये चेअरमनची खुर्ची. जिथे ते इतकी वर्षं चेंडूमागे धावले, तिथे दीड तास फक्त बसून राहायचं, हे मला माझ्या कामाहून अवघड वाटतं.

3:45. मध्यंतर. मीट-पायसाठी रांग, मुलांची पळापळ.

4:50. सुटलं. निघणारी गर्दी बघून आठवतं, गेल्या मे महिन्यात वेम्बलीला बोरहम वुडविरुद्ध आमचा गडी 48व्या सेकंदाला लाल कार्डाने बाहेर गेला होता. दहा जणांनी 2-1 जिंकून क्लबला लीगमध्ये परत आणलं. त्या दिवशी मी तिकीट काढून गेलो होतो, म्हणून तोंड मैदानाकडे होतं. बाजूचा अनोळखी म्हातारा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

5:30. कोप रिकामा. खुर्च्यांखाली कागद, एक हातमोजा. तो आजींचा नाही, मी तपासतो. आता मी वळतो. माळी उखडलेली ढेकळं काट्याने उचलून दाबून बसवतायत. आजचा गोल कुठल्या बाजूला झाला, हे मी बसथांब्यावर कुणाला तरी विचारीन.