देवटेकची शिळा आणि चार फ्लॉप्या

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेकची एक शिळा आहे. तिच्यावर दोन लेख कोरलेले आहेत. जुना ब्राह्मीतला, प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा. दुसरा वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळातला. दोहोंत सुमारे सहाशे वर्षांचे अंतर. जुन्या लेखाची काही अक्षरे गेली, उरलेली आजही वाचता येतात.

भद्रावतीत राहून शिलालेखांचा नाद लागलेल्या मला संगणकाचे शास्त्र शिकावे लागले ते चार फ्लॉप्यांमुळे. 1999 साली एका वृद्ध दंडार कलावंताकडून उतरवून घेतलेली झाडीबोलीतली गाणी मी टाइप करून घेतली होती. कलावंत आज हयात नाहीत. हस्तलिखित वह्या पावसाळ्यात भिजून गेल्या. उरल्या फ्लॉप्या आणि एका गाण्याचे छापील पान.

साठवणुकीच्या साधनांचा प्रवास थोडक्यात असा. 1956 साली आयबीएमच्या रॅमॅक यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांत मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. 1971 मध्ये आठ इंची फ्लॉपी आली, पुढे सव्वापाच आणि साडेतीन इंची. माझ्या साडेतीन इंची फ्लॉपीवर दोन बाजू, प्रत्येकीवर 80 वर्तुळाकार ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकचे 18 भाग (सेक्टर) आणि प्रत्येक भागात 512 बाइट, एकूण 14,74,560. ही सगळी चुंबकीय खुणांची लिपी. सीडीवर लेझरने वाचायच्या खुणा आल्या, पेनड्राइव्हमध्ये सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. एकंदरीत जागा वाढत गेली. पण नुसत्या डोळ्यांनी काहीच दिसेनासे झाले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फाइल ‘डिलीट’ केली म्हणजे मजकूर पुसला गेला, असे नसते. फ्लॉपीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते. डिलीट करताना तिथल्या नावाचे पहिले अक्षर बदलले जाते आणि ती जागा मोकळी असल्याची नोंद होते. मजकूर जागच्या जागी राहतो, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. देवटेकला जे छिन्नीने झाले, ते इथे नव्या फाइलने होते. म्हणून हरवलेली फाइल शोधताना पहिला नियम: त्या साधनावर काहीही नवे लिहू नका. एसएसडीत मात्र डिलीट केलेली जागा यंत्र स्वतःच थोड्या वेळात साफ करून टाकते; तिथे ही सवलत बहुधा मिळत नाही.

चंद्रपूरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे फ्लॉपी वाचणारे जुने यंत्र मिळाले. आधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिट्टी सरकवून लिहिणे बंद केले. मग मूळ फ्लॉपी न चाळवता तिची बाइटन्‌बाइट नक्कल घेतली. त्यासाठीचा प्रोग्रॅम आधी धडधाकट भाग उचलतो आणि खराब भागांकडे नंतर पुन्हा पुन्हा वळतो. तीन फ्लॉप्या पूर्ण वाचल्या गेल्या. चौथीवर बुरशी होती; तिचे काही सेक्टर शेवटपर्यंत वाचता आले नाहीत.

फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी! कारण त्या काळचे अनेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवत, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक 1991 मध्ये पक्के झाले होते, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरी आपल्याकडची छपाई पुढे कितीतरी वर्षे अशा फॉन्टांवरच चालली. माझा फॉन्ट कोणता, हे कळायला मार्ग नव्हता.

1837 मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी उलगडली, तेव्हा सांचीच्या लेखांच्या शेवटी वारंवार येणारा ‘दानं’ हा शब्द त्यांना किल्लीसारखा उपयोगी पडला. माझ्या प्रत्येक गाण्याच्या मथळ्यात तीच ती चिन्हे येत होती. तो शब्द ‘दंडार’ असणार! त्यावरून द, ड, र आणि काना सापडले. बाकीचे छापील पानाशी ताडून मिळाले. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली होती. युनिकोडमध्ये ती नंतर येते, म्हणून तिची जागा बदलावी लागली. दोन महिन्यांत तक्ता पुरा झाला.

म्हणजे साधन, ते वाचणारे यंत्र आणि लिपीची किल्ली या तिन्ही गोष्टी टिकल्या तरच मजकूर टिकतो. दुकानात आपण पहिल्या दोन्हींची चौकशी करतो. मराठीत तिसरी अधिक नाजूक आहे. अनेक लेखकांच्या आणि छापखान्यांच्या कपाटांत असा मजकूर आजही पडून असेल. ते फॉन्ट ओळखणारी माणसे आहेत, तोवर तो युनिकोडमध्ये आणून दोन-तीन ठिकाणी ठेवायला हवा. एक छापील प्रतही असावी. माझे काम शेवटी तिच्यावरच निभावले.

चौथ्या फ्लॉपीवरच्या गाण्याच्या मधल्या ओळी मिळाल्या नाहीत. शिलालेखाचे वाचन छापताना गेलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे देतात. मीही तिथे टिंबेच दिली आहेत.