कडू निंबोळी आणि भाताचे शेत

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत तुम्ही कधी ना कधी गेला असालच. तिच्या आसपासच्या काष्ठौषधींच्या दुकानांत वेखंड, हळकुंडे, कडुलिंबाची पूड अशा वस्तू मिळतात. धान्याच्या डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालताना तुम्ही आजीला पाहिले असेल. मग डब्यातल्या तांदळाला राखणारा कडुलिंब शेतातल्या भातालाही राखील काय?

मंडई सोडून मावळ, मुळशी, भोर या तालुक्यांकडे चला. तेथील भातखाचरांत तपकिरी तुडतुडे हा चिमुकला कीटक बुंध्याशी बसून रस शोषतो. तुडतुडे फार वाढले, की हिरवे भात जाळल्यासारखे वाळून जाते. यावर जहाल औषध मारले म्हणजे झाले, असे तुम्हांला वाटेल. पण तुडतुड्यांना खाणारे कोळीही त्या औषधाने मरतात आणि उरलेले तुडतुडे निर्धास्तपणे वाढतात! हा अनुभव घेतल्यावर १९८६ साली इंडोनेशियाने भातावरील ५७ कीटकनाशकांना बंदी केली.

आता निंबोळीची करामत पाहा. १९६२ साली दिल्लीत डॉ. प्रधान यांनी निंबोळीचा गर पाण्यात वाटून पिकांवर फवारला. टोळ पिकांवर उतरले, पण त्यांनी पाने खाल्ली नाहीत! पुढे १९६८ साली इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी निंबोळीतून ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे केले. ते दुहेरी काम करते. एक तर त्यामुळे किडीचे खाणे कमी होते. दुसरे म्हणजे, वाढताना कीटकाला कात टाकावी लागते. ती टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाचे काम हे द्रव्य बिघडवते. मग पिल्लू जुन्या कातीतच अडकून मरते.

शेतकरी पावसाळ्याच्या तोंडाला पिकणाऱ्या निंबोळ्या सावलीत वाळवतात. ५ किलो पूड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात २०० ग्रॅम साबण मिसळतात आणि एकूण १०० लिटर पाणी करतात. हाच ५ टक्के निंबोळी अर्क. उन्हाने तो लवकर निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करतात.

मात्र कडुलिंब म्हणजे जादूची कांडी नव्हे, बरे का! त्याचा परिणाम हळूहळू दिसतो. खोडाच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत तो नीट पोहोचत नाही. म्हणून कीड थोडी असतानाच तो वापरावा लागतो आणि त्यासाठी शेतकऱ्याला खाचरात उतरून बुंधे पाहावे लागतात.

करून पाहा : मंडईतून आणलेल्या कोबीत अळ्या सापडल्या, तर त्या फेकू नका. ५ ग्रॅम निंबोळीची पूड १०० मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा. कोबीचे एक पान त्यात आणि दुसरे साध्या पाण्यात बुडवून वाळवा. दोन्ही पाने दोन डब्यांत ठेवून प्रत्येकात सारख्याच अळ्या सोडा व झाकणांना बारीक भोके पाडा. तीन दिवस रोज नोंद करा. कोणते पान अधिक कुरतडले गेले? हा अर्क पोटात जाऊ देऊ नका, हात साबणाने धुवा आणि प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा.