सहा किलोमीटर कुठून आले?

दर महिन्याला आम्ही या कार्यक्रमात कर्जाचे हप्ते, लेबल, पॅकिंग असल्या गोष्टी बोलतो. आज मोटारसायकलच्या चेनबद्दल बोलणार आहोत. कारण या चेनपायी आमच्या गटात दोन महिने धुसफूस चालली होती, आणि चूक कोणाचीच नव्हती.

आमचा गट वाईजवळचा. मसाले, पापड, कुरडया, लोणची करतो आणि पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरच्या दुकानांत पोचवतो. आधी एसटीने पिशव्या न्यायचो. मग आमच्यातल्या एका वहिनींच्या दिराला परगावी नोकरी लागली आणि त्याची मोठी मोटारसायकल घरी उभी राहिली. लांबच्या प्रवासासाठीची गाडी, दोन्ही बाजूंना कुलपाचे डबे, मागे कॅरिअर. वहिनी आधीपासून गाडी चालवायच्या, लायसन्स होतं. दीर म्हणाला, उभी राहून खराब होण्यापेक्षा वापरा.

अशा गाड्यांना स्पोर्ट टुरिंग म्हणतात. म्हणजे हायवेला वेगात पळायचं, पण दिवसभर बसून पाठ मोडायची नाही आणि सामानही न्यायचं. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी बजाजची डोमिनार ४०० ही यातली ओळखीची गाडी. डिसेंबर २०१६ मध्ये ती बाजारात आली. इंजिन ३७३ सीसीचं, गिअर सहा, टाकी १३ लिटरची. आमची गाडी दुसऱ्या कंपनीची, पण वर्ग तोच.

या गाड्यांची घडण हायवेसाठी असते. आमची फेरी घाटाची. डबे भरलेले असले की वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी दम टाकायची, आणि पहिल्यात घातली की नुसती ओरडायची. वहिनींचा डावा हात क्लच दाबून दाबून दुखायचा. मेकॅनिकने उपाय सांगितला, पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान बसवू. वहिनींनी बसवून घेतलं, खर्च स्वतःच्या पदरचा केला, आणि गटात सांगायची गरज त्यांना वाटली नाही. गाडी घाटात छान चढायला लागली.

हे का होतं ते आधी समजून घेऊ. मसाला कांडपाच्या यंत्राकडे बघा. मोटरवर लहान पुली असते, यंत्रावर मोठी, मधे पट्टा. मोटर भरभर फिरते, यंत्र सावकाश फिरतं पण जोर लावतं. मोटारसायकलमध्येही तसंच. इंजिनाकडे लहान दातेरी चकती, ते पुढचं स्प्रॉकेट. मागच्या चाकाला मोठी चकती, ते मागचं. पट्ट्याच्या जागी चेन.

आमच्या गाडीला पुढे १५ दात होते, मागे ४५. भागाकार ३. म्हणजे पुढची चकती तीनदा फिरली की चाक एकदा फिरणार. पुढे १४ केले की भागाकार येतो ३.२१. प्रत्येक गिअरमध्ये चाकावर जोर साधारण सात टक्क्यांनी वाढला. पण फुकट काही नाही. त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरणार. पूर्वी ५,००० फेऱ्यांवर जो वेग मिळायचा त्याला आता ५,३५० च्या पुढे लागतात. घाटात मजा, पण सातारा-पुणे हायवेला सहाव्या गिअरमध्ये हँडलला मुंग्या. उलट पुढे १६ दात घातले तर भागाकार २.८१ होतो, हायवेला इंजिन शांत राहतं आणि चढाला रडतं. एकट्याने सपाट रस्त्यावर फिरणाऱ्याला ते परवडेल, आम्हाला नाही.

हाच फरक मागची चकती बदलूनही करता येतो, पण पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळजवळ तीन. मागे ४८ घातले तर चेन अपुरी पडू शकते, आणि खर्चही जास्त. म्हणून गॅरेजवाले पुढची सुचवतात. तिचा तोटा असा की लहान चकतीवर चेन जास्त वाकते आणि दोन्ही लवकर झिजतात. गाडी वॉरंटीत असेल तर असा बदल करण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

आता भांडणाकडे येऊ. आम्ही वहिनींना किलोमीटरमागे पाच रुपये देतो, त्यात पेट्रोल आणि देखभाल दोन्ही आलं. सगळी दुकानं धरून एक फेरी ८४ किलोमीटरची, आठवड्याला दोन फेऱ्या. वहीत तसंच लिहिलं जायचं. एका महिन्यापासून ९० यायला लागलं. आमच्यातल्या काकू हिशेबाला पक्क्या. बैठकीत त्यांनी विचारलं, दुकानं तीच, रस्ता तोच, मग हे सहा किलोमीटर कुठून आले? वहिनी म्हणाल्या, मीटरवर आहे तेच लिहिते. कोणी काही बोललं नाही, आणि ती शांतता वहिनींना जास्त लागली. पुढच्या महिन्यातही तेच झालं. अठरा फेऱ्यांचे जास्तीचे ५४० रुपये झाले. रक्कम मोठी नव्हती, पण बचत गट चालतो तो एकमेकींच्या वहीवरच्या विश्वासावर. वहिनींनी फेऱ्या बंद करते असं सांगितलं तेव्हा आम्ही हादरलो.

उत्तर सापडलं ते वहीतच. पेट्रोलचा रकाना बघताना दिसलं की अ‍ॅव्हरेज ३० वरून ३१ झालं होतं. चढाचं गिअरिंग करून अ‍ॅव्हरेज वाढतं? मेकॅनिकला विचारल्यावर त्याने डोक्याला हात लावला. काही गाड्यांचं मीटर पुढच्या चाकावरून किलोमीटर मोजतं. आमच्या गाडीचं गिअरबॉक्सवरून मोजतं. त्याला चाक दिसतच नाही. गिअरबॉक्सचा दांडा किती फिरला ते मोजून, पुढे १५ दातच आहेत असं धरून ते किलोमीटर दाखवतं. दात १४ झाल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

हिशेब सोपा आहे. पुढची चकती बदलली असेल तर मीटरचा आकडा गुणिले नवे दात, भागिले जुने दात. ९० गुणिले १४ भागिले १५, उत्तर ८४. काकूंनी तिथल्या तिथे वहीच्या मागच्या पानावर करून बघितलं आणि वहिनींचा हात धरला. मागची चकती बदललेली असेल तर उलटं, जुने दात वर आणि नवे खाली.

अ‍ॅव्हरेजही दुरुस्त केलं. एका फेरीला पूर्वी २.८ लिटर लागायचं, आता २.९. खरे ८४ किलोमीटर धरले तर ३० चं २९ झालं होतं. मीटर वाढल्याचं सांगत होतं आणि खरं ते घटलं होतं. वेगाचा काटाही असाच जास्त दाखवतो, ६० म्हणेल तेव्हा खरा वेग ५६. पुढे मोठी चकती घातली तर ते धोक्याचं आहे, कारण काटा ६० दाखवताना गाडी ६४ ने पळत असते. तुमच्या गाडीचं मीटर कुठून मोजतं ते कळायला हायवेच्या दगडांपाशी दहा किलोमीटर जाऊन आकडा ताडून बघा. फोनमधल्या नकाशावरूनही चालेल.

त्या ५४० रुपयांचं काय केलं? वहिनींनी ते टेबलावर ठेवले. पण चकतीचा खर्च त्यांनी केला होता आणि माल गटाचा चढत होता. म्हणून ते त्या खर्चात वळते केले. आता पैसे फेरीवर देतो, मीटरवर नाही.

त्यानंतर आम्ही गाडीची वेगळी वही केली. मोटारसायकलच्या मासिकांत लाँग टर्म रिव्ह्यू येतात, गाडी महिनोन्महिने स्वतःकडे ठेवून तिचा खर्च आणि कुरबुरी लिहायच्या. शोरूममधून काढून चार दिवस चालवली तर कुठलीही गाडी चांगलीच वाटते. टायर किती चालला, सीट तीन तासांनी कशी लागते, चेन किती दिवसांनी सैल पडते, हे वर्षभराने कळतं. आमच्या वहीत तारीख, मीटर, टाकी फुल करताना गेलेलं पेट्रोल, अंदाजे वजन आणि खर्च एवढंच असतं. आणि आता एक लाल ओळ, गाडीत काय बदललं त्याची. टाकी दर वेळी फुलच करायची, नाहीतर अ‍ॅव्हरेजचा आकडा खोटा येतो. या वहीवरूनच कळलं की पावसाळ्यात चेन दुप्पट लक्ष मागते. घाटातल्या पावसात तेल धुऊन जातं.

चेनची निगा आमच्यातल्या तिघींना येते. इंजिन बंद, चावी काढून खिशात, आणि चाक हाताने फिरवायचं. चालू इंजिनावर चेन पुसताना बोटं जातात, हे कधीही करू नका. घाण केरोसिनने पुसायची, पेट्रोलने नाही, कारण चेनमधली रबरी रिंग खराब होते. मग तेल, आणि जास्तीचं पुसून काढायचं. चेन किती सैल हवी ते गाडीच्या पुस्तकात असतं, फार ताणलेली चेनही वाईट. मागच्या चकतीच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढून बघा. अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही चकत्या एकत्र बदला. जुन्या चकतीवर नवी चेन घातली तर ती चेनही लवकर जाते. आणि ओढणी घरी. वहिनी जॅकेटवर बसतात.

आमचा चेनसेट अजून साधारण दोन हजार किलोमीटर चालेल असं दिसतंय. पुढच्या वेळी पुढे १५ च ठेवून मागे ४७ घालावेत असं वहिनींचं म्हणणं आहे, म्हणजे चेन कमी वाकेल. काकू म्हणतात, आधी किमती विचारून या. मंगळवारच्या बैठकीत ठरेल.