'मॉडेल ए'चं बेअरिंग दुकानात मिळत नाही

आजच्या इंजिनात बेअरिंगचे तयार शेल आणून बसवता येतात. फोर्ड 'मॉडेल ए'मध्ये (१९२८ ते १९३१) ती सोय नव्हती. तिच्या ब्लॉकमध्ये आणि कनेक्टिंग रॉडमध्ये कथील, अँटिमनी आणि तांब्याचा मऊ मिश्रधातू वितळवून थेट ओतलेला असे. हाच तो बॅबिट. आयझॅक बॅबिट या अमेरिकी कारागिराने १८३९मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

बॅबिटची झीज थोडीच असेल तर बेअरिंगच्या कॅपखालच्या शिमचा, म्हणजे पातळ थरांच्या पट्टीचा, एखादा पापुद्रा सोलला की भागतं. पण आधी क्रँकचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरने आडवं-उभं मोजा. दोन मापांत फरक आला तर जर्नल लंबगोल झालंय. मग शिम सोलणं ही निव्वळ मलमपट्टी. क्रँक १०, २० किंवा ३० थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासायचा, नवा बॅबिट ओतायचा आणि मगच त्या क्रँकच्या मापाने बोअरिंग करायचं. हा क्रम उलटला की पैसे पाण्यात! फट ठेवायची जेमतेम एक-दीड थाऊ.

ग्राइंडिंगवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा: जर्नलच्या कडेची गोलाई राखायची. तिथे टोकदार कोपरा राहिला तर क्रँक तिथूनच तडकतो.